एकदाच सांगतो

हातकणंगल्याला स्टेशनजवळ माझ्या वडिलांची पिठाची गिरण होती. आम्ही भावंडं त्या गिरणीच्या आवाजात वाढलो. त्यामुळं हळू बोलणं ही गोष्टच आमच्या घरात नव्हती. जेवताना कुणी भाजी मागितली तरी शेजारच्यांना वाटायचं, भांडण लागलंय. पुढं मी समाजकार्याचं शिक्षण घेतलं, लग्न होऊन कोल्हापुरात आले, मुलं मोठी झाली आणि पंचेचाळिशीत बायकांच्या मदत केंद्रात समुपदेशक म्हणून कामाला लागले. तिथं हा आवाज आडवा आला. प्रशिक्षणात सांगितलं होतं, त्रासातून आलेल्या बाईशी मृदू बोला. मी मृदू बोलायला गेले की समोरची बाई काळजीनं विचारायची, "मॅडम, तुमाला बरं न्हाय काय?"

आमचं केंद्र म्हणजे सरकारी दवाखान्याच्या मागच्या अंगाला दोन खोल्या. एकीत टेबलखुर्च्या, दुसरीत पाच खाटा. जिला घरी परत जायची सोय नाही तिनं चार-सहा दिवस तिथं राहायचं. घरात मारहाण झालेली किंवा अत्याचार झालेली बाई, मुलगी आली की तिला पोलीस, डॉक्टर, वकील आणि संरक्षण अधिकारी या चौघांशी जोडून द्यायचं, हे माझं काम. संरक्षण अधिकारी म्हणजे छळ होणाऱ्या बाईचा अर्ज तयार करून कोर्टापुढं नेणारा सरकारी माणूस. जोडून द्यायचं म्हणजे खरं तर आम्ही एक चिठ्ठी लिहायचो, आणि ती घेऊन बाई पुढच्या दारात उभी राहायची. त्यात काही चुकतंय असं मला पहिलं वर्षभर वाटलं नाही. चिठ्ठी नीट अक्षरात लिहायचे, शिक्का मारायचे, आणि आपण एका बाईचं काम केलं या समाधानात डबा खायचे.

मग कबनूर गावची ती आली.

दुपारची वेळ होती. तिशीची, उंच, हाताच्या बोटांवर सुताचे बारीक चिरे. खांद्याला कापडी पिशवी. मी तिला पाणी दिलं, पंखा वाढवला आणि माझ्या त्या ठेवणीतल्या मृदू आवाजात म्हणाले, "बसा. सुरुवातीपासून सांगा."

ती बसली नाही. तिनं पिशवी टेबलावर उपडी केली. आतून चिठ्ठ्या पडल्या. पोलीस ठाण्याची, दवाखान्याची, संरक्षण अधिकाऱ्यांची, वकिलांची. सगळ्यांची अक्षरं नीट होती आणि सगळ्यांवर शिक्के होते.

"मी आता सांगणार न्हाय," ती म्हणाली. आवाज असा की बाहेर व्हरांड्यातली माणसं वळून बघायला लागली. "पोलिसात सांगितलं. डॉक्टरला सांगितलं. त्या छत्रीवाल्या सायबाला सांगितलं, वकिलाला सांगितलं. आता तुमी. सांगायला लागलं की दर बारीला नवरा मला परत मारतोय असं वाटतंय बगा. तुमी सगळी एका जाग्याला बसा की! मी एकदाच सांगतो."

आमच्या भागात बायकाही 'मी सांगतो, मी जातो' असंच म्हणतात. त्यात काही नवं नव्हतं. पण त्या 'एकदाच सांगतो'नं मला विचारात पाडलं. कारण तिला कुणी हाकललं नव्हतं. प्रत्येकानं आपापलं काम केलं होतं, आणि प्रत्येकानं तिला सुरुवातीपासून सांगायला लावलं होतं. पाचवी मी.

मी उठून खिडकी लावली आणि माझ्या खऱ्या आवाजात म्हणाले, "मागावर काम करतीस काय गं?"

तिनं चमकून बघितलं. "व्हय. सुताच्या कांड्या भरतो. कसं वळखलं?"

"मी गिरणीतली. आपल्या दोघींचा आवाज एकाच शाळेतला हाय."

ती पहिल्यांदा हसली. मग बसली. पाणी प्यायली. मी तिला काहीच विचारलं नाही. जेवलीस का एवढं विचारलं, आणि ती जेवली नव्हती, म्हणून माझ्या डब्यातली अर्धी भाकरी आणि वांगं तिच्यापुढं ठेवलं. खाता खाता तिनं आपण होऊन सांगितलं ते इतकंच, की घरी सासू आहे आणि आठ वर्षांची मुलगी आहे. शाळा बुडू नये म्हणून मुलीला सासूपाशी ठेवून ती निघाली होती. "आत्ती पोरीला जीव लावती," ती म्हणाली. सासूला तिच्याकडं आत्ती म्हणतात. "पण माझ्यासाठनं तोंड न्हाय उघडलं कवा."

त्या दिवसापासून ती पाचातल्या एका खाटेवर राहिली आणि मी फोन करत सुटले.

फौजदार मॅडम बंदोबस्तात होत्या. डॉक्टर ओपीडीत होते. वकीलबाई कोर्टात. संरक्षण अधिकारी गगनबावड्याला गेले होते, आणि तिथं त्यांना रेंज नव्हती. ज्यांना फोन लागला त्यांचं म्हणणं एकच: कल्पना चांगली आहे, पत्र पाठवा. मी म्हणाले, पत्र कुणाच्या सहीनं? ते म्हणाले, तुमच्या वरिष्ठांच्या. वरिष्ठ म्हणाले, आधी त्यांची संमती घ्या. दोन दिवस असे गेल्यावर मी मृदूपणा सोडून दिला. फौजदार मॅडमना फोन लावला आणि गिरणीतल्या आवाजात म्हणाले, "मॅडम, गुरुवारी साडेबाराला या. तासाभराचं काम हाय. पत्र मी नंतर पाठवते, हवी तेवढी पाठवते."

मग त्या म्हणाल्या, "एवढं ओरडताय कशाला? येते की."

एक येतेय म्हटल्यावर बाकीचे तिघेही आले.

त्या गुरुवारची आमची खोली माझ्या डोळ्यांसमोर आहे. फौजदार मॅडम गणवेशात, सगळ्यात आधी, घड्याळ बघत. डॉक्टर नागपूरकडचे, नुकतेच बदलून आलेले, स्वभावानं लाजाळू. वकीलबाई सरकारकडून मोफत सल्ला देणाऱ्यांपैकी, हातात फायलींचा गठ्ठा. आणि शेवटी संरक्षण अधिकारी. निवृत्तीला आलेले, शांत गृहस्थ. बाराही महिने छत्री बाळगायचे, कारण त्यांच्या मते गगनबावड्याचा काही नेम नाही. मी भडंग आणि चहा ठेवला होता. ती मधल्या खुर्चीवर बसली. पदर सारखा केला. सगळ्यांकडं एकेकदा बघून घेतलं.

"सुरू करू?" तिनं विचारलं.

तिनं काय सांगितलं ते मी इथं लिहिणार नाही. ते तिचं आहे. खोलीचं सांगते. डॉक्टरांनी अर्ध्यात लिहायचं थांबवलं आणि नुसते ऐकत राहिले. फौजदार मॅडमनी घड्याळ काढून पर्समध्ये टाकलं. भडंगाला कुणी हात लावला नाही. मध्येच एकदा ती म्हणाली, "मग मी पळत बोळातनं बाहेर गेलतो," तर डॉक्टरांनी हात वर केला. अगदी शाळेतल्यासारखा.

"एक मिनिट. बाहेर गेला होता तो कोण? नवरा का?"

"न्हाय. मी."

"पण तुम्ही म्हणालात गेलतो."

"व्हय, मीच गेलतो."

डॉक्टर गोंधळून आमच्याकडं बघायला लागले. आधी वकीलबाईंना हसू फुटलं, मग मला, आणि मग ती स्वतःच तोंडाला पदर लावून हसायला लागली. फौजदार मॅडमनी डॉक्टरांना समजावलं, "सर, कोल्हापुरात बाई गेलतो म्हणते. तुम्ही लिहिताना 'गेले होते' लिहा, नाहीतर तुमच्या केसपेपरात एक पुरुष जास्तीचा येईल." डॉक्टरांनी कान पकडले. मारहाणीची हकिगत चालू असताना पाचसहा माणसं खळखळून हसली, आणि त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट त्यानंतर ती जास्त मोकळी बोलली.

सांगून संपल्यावर तिनं चहाचा कप उचलला. "झालं. आता काय इचारायचं ते एकमेकाला इचारा. मला न्हाय."

मग खरी गंमत सुरू झाली. वकीलबाईंना जो जखमांचा तपशील हवा होता तो डॉक्टरांच्या केसपेपरात आठ दिवस पडून होता. डॉक्टरांना वाटत होतं, तो पोलिसांकडं गेला. पोलिसांना वाटत होतं, तो दवाखान्यातच ठेवतात. संरक्षण अधिकाऱ्यांनी तिच्या घरी भेट देऊन एक छान अहवाल लिहिला होता, आणि तो वाचायला कुणी मागितलाच नव्हता. ही सगळी आपापल्या कार्यालयात हुशार माणसं. पण दवाखान्याच्या मागच्या खोलीत एका टेबलाभोवती बसल्यावर त्यांना कळलं, की आपण वर्षानुवर्षं एकाच बाईच्या हातानं एकमेकांना निरोप धाडतोय.

"आपण एकच फॉर्म करू," संरक्षण अधिकारी म्हणाले. त्यांना फॉर्मची आवड होती. "पहिल्यांदा जो भेटेल त्यानं भरायचा. तिची परवानगी घेऊन बाकीच्यांना पाठवायचा."

तिथंच माझ्या वहीच्या कागदावर मसुदा सुरू झाला. चौघं चार बाजूंनी प्रश्न सांगत होते आणि मी लिहीत होते. दोन पानं झाली. मग मी ते तिला वाचून दाखवलं, कारण फॉर्म ज्यांच्यासाठी होता त्यांच्यापैकी खोलीत ती एकटीच होती. ती ऐकत होती, मान हलवत होती. एका प्रश्नाला तिनं मला थांबवलं.

"तुमी काय म्हणाला ते परत वाचा."

"मारहाणीचे कारण," मी वाचलं.

"ह्ये मला कशाला? ज्यानं मारलं त्येला इचारा की."

फौजदार मॅडमनी पुढं वाकून माझ्या हातातलं पेन घेतलं आणि तो प्रश्न खोडला. मग मुलीची शाळा कुठं, औषध कुठलं चालू आहे आणि कुणाला फोन केलेला चालेल, असे तिनं सांगितलेले प्रश्न त्या जागी आले. शेवटचा प्रश्न आम्हाला कुणालाच सुचला नव्हता. घरच्या नंबरवर फोन केला आणि नवऱ्यानं उचलला तर काय होतं, हे तिला माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा अर्ज तयार होता. वकीलबाई सही घ्यायला आल्या होत्या, आणि तेवढ्यात दवाखान्याचा रखवालदार धावत आला. "मॅडम, सासू आलीया. सोबत बोचकं हाय."

सासू आली म्हणजे काय, हे आम्हाला अनुभवानं माहीत होतं. आधी रडणं, मग शिव्याशाप, मग सुनेचा हात धरून ओढणं. मी सुनेला आतल्या खोलीत बसवलं, कडी लावली, आणि दारात उभी राहिले. वकीलबाई माझ्या पाठीशी. फौजदार मॅडमना मी फोन लावून ठेवला.

साठीच्या पुढची, ठेंगणी बाई. कपाळाला विभूती, अंगावर इरकल, एका हातात बोचकं आणि दुसऱ्या हातात नात. नातीच्या पाठीला दप्तर होतं. बाई धापा टाकत होती. माझ्याकडं बघून म्हणाली, "तंगी, सून हितं हाय न्हवं?"

तंगी म्हणजे धाकटी बहीण. त्यांचं माहेर सीमेपलीकडचं, बोलण्यात निम्मं कानडी. भांडायला आलेली बाई तंगी म्हणून सुरुवात करत नाही, पण मी सावध होते. "काय काम हाय?" मी विचारलं.

"माझं पण नाव लिवा."

"कशात?"

"तिनं केलाय त्यो अर्ज. त्यात माझं पण नाव लिवा." त्यांनी चोळीची बाही वर सरकवली. दंडावर निळा-काळा डाग होता, चार बोटांचा. "गल्लीला सांगितलंय, न्हाणीत पडलो. कुणाचं पोरगं आईवर हात टाकतंय म्हून सांगायचं? लाज वाटत हुती. सून भाईर पडली म्हटल्यावर म्या म्हटलं, आता मी कुणासाठनं गप बसू?"

आतून दार वाजायला लागलं. मी दार उघडलं. सून बाहेर आली, सासूच्या दंडाकडं बघितलं, आणि जागच्या जागी थांबली. "आत्ती, तुमाला पण?"

"तुला मारून झालं की मला. तू कांड्या भराय गेलीस की."

दोघी एकाच घरात राहत होत्या, एकाच चुलीवर स्वयंपाक करत होत्या आणि एकमेकींपासून हे लपवत होत्या. सून पुढं आली आणि तिनं सासूचं बोचकं हातातून घेतलं. नात मध्ये घुसून आईच्या कमरेला बिलगली. रखवालदारानं डोळे पुसले आणि धूळ गेली म्हणाला.

वकीलबाई मात्र रडत नव्हत्या. त्यांच्या चेहऱ्यावर वेगळीच चमक आली होती. "आजी," त्यांनी विचारलं, "घर कुणाच्या नावावर आहे?"

"माझ्या. मालक वारलं तवा माझ्या नावावर झालं."

वकीलबाईंनी तयार अर्ज टराटरा फाडला. "मला अर्धा तास द्या."

कायद्यात आईलाही मुलाविरुद्ध दाद मागता येते, आणि मारणाऱ्याला घराबाहेर काढायचा आदेश कोर्ट देऊ शकतं. हे आम्हाला पुस्तकात माहीत होतं. प्रत्यक्षात सासूसून मिळून एका अर्जावर आल्याचं आमच्यापैकी कुणी बघितलं नव्हतं. मी बाकीच्या तिघांना फोन केले, आणि यावेळी पत्राचं नाव कुणी काढलं नाही. डॉक्टर स्वतः चालत मागच्या खोलीत आले आणि आजींचा दंड तपासला. संरक्षण अधिकाऱ्यांनी त्याच दिवशी दुसरा अहवाल लिहिला. आजींनी ठसा उमटवायला अंगठा पुढं केला, तर नात म्हणाली, "आजी, तुला सही येती की!" मग आजींनी सही केली. एकेक अक्षर कानडीत, सावकाश.

वकीलबाईंनी त्यांना कोर्टात बोलायची तयारी म्हणून विचारलं, "मुलाविरुद्ध उभं राहताना वाईट वाटत नाही का, असं समोरचे वकील विचारतील. काय सांगाल?"

आजींनी नातीच्या दप्तराचा पट्टा सारखा केला. मला वाटलं, आता माघार घेतात. मग त्या म्हणाल्या, "वाटतंय की. पोटचा हाय. पण हात उगारायला म्या शिकवलं न्हाय त्येला."

कोर्टात हा प्रश्न कुणी विचारला नाही. आजींना त्याची जराशी खंतच वाटली, कारण उत्तर पाठ झालं होतं. आदेश झाला. मुलानं घर सोडायचं, दोघींच्या आणि मुलीच्या जवळ जायचं नाही, मागाच्या शेडपाशी घिरट्या घालायच्या नाहीत. फौजदार मॅडमनी तिथल्या ठाण्याशी बोलून सगळं जुळवलं आणि आदेश बजावताना स्वतः हजर राहिल्या. तो सुधारला का, हे मला माहीत नाही. दूर आहे आणि दूर राहतो, एवढं माहीत आहे. त्याचे मित्र एकदोनदा समजूत घालायला आले, तेव्हा आजींनी त्यांना उंबऱ्याबाहेरच पाणी देऊन, "पावणं, या आता," म्हणून वाटेला लावलं.

आमची गुरुवारची बैठक त्यानंतर चालू राहिली. दोन पानांचा तो फॉर्म वरिष्ठांनी टाइप करून घेतला, वर बोधचिन्ह टाकलं, आणि आता जिल्ह्यात काही ठिकाणी तो वापरतात. सगळं सुरळीत झालं असं नाही. फौजदार मॅडमची बदली झाली, नवीन आलेल्यांना पुन्हा पहिल्यापासून पटवावं लागलं. प्रत्येकीला पाचजणांसमोर बोलायचं नसतं, हेही आम्हाला नंतर कळलं. त्या बदलीच्या आधी कॉलेजमधली एक मुलगी आली. तिच्यावर ओळखीच्याच माणसानं अत्याचार केला होता. तिनं फक्त फौजदार मॅडम आणि एक महिला डॉक्टर यांच्यासमोर, दार लावून, एकदा सांगितलं. मी बाहेर व्हरांड्यात बसून राहिले. बाकीच्यांनी कागद वाचला आणि तिला एकही प्रश्न विचारला नाही. जाताना ती मला म्हणाली, "मला वाटलं होतं, रोज कुणाला तरी सांगावं लागेल." ती आता नोकरी करते. दिवाळीला तिचा फोन येतो, आणि आम्ही फक्त फराळाबद्दल बोलतो.

सासूसून घरी परत गेल्यावर महिन्याभरानंच आजींनी आम्हाला जेवायला बोलावलं होतं. सगळ्यांना. नाही म्हणायची सोय नव्हती, त्यांनी सुनेकरवी तीन वेळा फोन केला. सरकारी गाड्या गल्लीत नेऊन त्या घराची चर्चा नको, म्हणून आम्ही पाचजण माझ्याच गाडीत बसून गेलो. फौजदार मॅडम साध्या पंजाबी ड्रेसमध्ये, डॉक्टर मागं मध्ये चेपून. संरक्षण अधिकाऱ्यांची छत्री सगळ्यांच्या पायात येत होती.

सुनेनं ज्वारीच्या पातळ कडक भाकरी, शेंगदाण्याची चटणी, दोडक्याची भाजी केली होती. आजींनी स्वतः पुरणाच्या पोळ्या केल्या होत्या. त्या त्यांना होळिगे म्हणत. पोळी संपायच्या आत दुसरी पडायची. डॉक्टर चौथ्या पोळीला हात जोडायला लागले. नात आम्हाला तिचं प्रगतिपुस्तक दाखवत होती. बाजूच्या शेडमधून मागांचा खटखट आवाज येत होता आणि त्या आवाजावर आम्ही सगळे मोठमोठ्यानं बोलत होतो.

वाढता वाढता आजी फौजदार मॅडमपाशी थांबल्या, त्यांच्या ड्रेसकडं बघितलं आणि त्यांचं तोंड उतरलं.

"काय झालं आजी?"

"गणवेश का घातला न्हाय? सगळ्या गल्लीला दिसलं असतं की."

फौजदार मॅडमना घास गिळवेना, इतकं हसू आलं. पुढच्या वेळी घालून येते, असं त्यांनी कबूल केलं. आजींनी लगेच कुठल्या सणाला यायचं ते ठरवून टाकलं आणि त्यांच्या ताटात न विचारता आणखी एक पोळी टाकली, वर तुपाची धार सोडली.